विमानाला हेल नसतो

हॉवर्ड ह्यूजने १९२७ मध्ये ‘हेल्स एंजल्स’ हा पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचा चित्रपट सुरू केला तो मूकपट म्हणून. तो पुरा होईपर्यंत जमाना बोलपटांचा झाला. नायिका ग्रेटा निसन नॉर्वेची. तिच्या इंग्रजीतला हेल ब्रिटिश तरुणीच्या तोंडी खपणार कसा? तिच्या जागी जीन हार्लो आली, दृश्यं नव्यानं घेतली गेली. आकाशातल्या लढाया मात्र मूकपटाच्याच राहिल्या. विमानाला हेल नसतो. वरून घरघर चढवली की भागतं.

खरी अडचण वेगाची होती. मूकपटाच्या कॅमेऱ्याचं हँडल बहुधा हातानं फिरवत. सेकंदाला कधी १६ चौकटी, कधी वीसच्या वर. बोलपटात हा वेग २४ वर पक्का झाला. ध्वनिपट्टीचा वेग जरा हलला तरी सूर बिघडतो आणि कान ते माफ करत नाही. डोळा बराच सोशिक. सेकंदाला १६ चौकटींनी टिपलेलं मिनिटभराचं दृश्य २४ च्या वेगानं ४० सेकंदांत उरकतं. म्हणून जुन्या चित्रफितींतले सैनिक तुरुतुरु पळताना दिसतात.

विमान मात्र यातून सहीसलामत सुटतं. माणूस किती वेगानं चालतो हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, लढाऊ विमानाचं तसं नाही. मोकळ्या निळ्या आकाशात तर ते जागीच लटकल्यासारखं दिसतं. वेग कळायला मागे काहीतरी हवं. ह्यूज ढगांची वाट पाहत चित्रीकरण खोळंबून ठेवायचा, तो उगाच नव्हे. (या हट्टापायी पैसा पाण्यासारखा गेला. चित्रीकरणात माणसंही दगावली, आणि ते समर्थनीय नाहीच.)

माणसांच्या दृश्यांवर एक जुना तोडगा होता: दर दोन चौकटींतली एक दोनदा छापायची. सोळाच्या चोवीस होतात, वेळ जुळते, पण हालचाल अडखळते. पीटर जॅक्सनने २०१८ च्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’साठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या फिती घेतल्या, तेव्हा मधल्या चौकटी संगणकानं रचल्या. चाल सुधारली, पण त्या चौकटी कुठल्याच कॅमेऱ्यानं पाहिलेल्या नाहीत, हेही खरं.

ह्यूजची हवाई दृश्यं पुढे १९३२ च्या ‘स्काय डेव्हिल्स’ या विनोदी चित्रपटातही वापरली गेली. तेव्हा जुना युद्धपट पाहताना विमानांवर भाळू नका, जमिनीवरच्या माणसांच्या चालीकडे बघा. उसनं दृश्य तिथे पकडलं जातं.