घर पाहाल तेव्हा अंगणही पाहा

घर पाहायला निघालं की आपल्या बायकांची नजर कुठं कुठं फिरते ते सांगायला नको. ओटा किती लांब, पाणी किती वेळ येतं, कपडे वाळत घालायला जागा आहे का, देवघर कुठं बसेल. घरधनी कर्जाचा हप्ता आणि स्टेशनचं अंतर मोजतात. हे सगळं पाहायलाच हवं. पण मैत्रिणींनो, घरात तीन ते आठ वर्षांचं मूल असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची असते आणि ती सॅम्पल फ्लॅटमध्ये दिसत नाही. ती दिसते जिना उतरून खाली गेल्यावर, संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात. खाली मुलं खेळतात का?

तुम्ही म्हणाल, मुलं काय, कुठंही खेळतात. पूर्वी तसं होतं खरं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज तसं राहिलेलं नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती घ्या. एकीखाली सहा वाजता नुसता गलका असतो आणि दुसरीखाली गाड्या आणि वॉचमन.

मी डोंबिवलीत एका बालवाडीत अर्धा दिवस शिकवते. दर जूनला नवी मुलं येतात. कोणतं मूल खाली खेळून आलेलं आहे हे पहिल्या आठ-दहा दिवसांतच कळतं. त्याच्या हातातलं खेळणं दुसऱ्यानं ओढलं तर ते आधी ओरडतं, मग काहीतरी तोडगा काढतं: ‘आधी तू, मग मी.’ आऊट झालं तर तोंड वाकडं करतं, पण बाजूला होतं. ज्याला घरात फक्त मोठ्यांचीच संगत असते, ते दर वेळी ‘बाई, बघा ना’ म्हणत माझा पदर धरतं. मूल हुशार नसतं असं नाही. अक्षरं त्याला कधी कधी जास्तच येतात. पण चार जणांत मिळतं कसं घ्यायचं, हे पुस्तकातून येत नाही, आणि त्याची शिकवणीही लावता येत नाही.

खेळ म्हणजे वेळ वाया नव्हे

‘खेळून काय मिळणार?’ असं विचारणारी माणसं घरोघरी असतात. त्यांना सांगायला दोन-तीन गोष्टी हाताशी असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी निदान तीन तास हालचाल करावी आणि त्यातला एक तास दमछाक होईल अशी असावी. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी एक तास तरी भरपूर पळापळ हवी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे कसं साधायचं? खालच्या मजल्यावरच्या आजी लगेच वर येतील!

दुसरी गोष्ट चष्म्याची. तैवानमध्ये शाळकरी मुलांचे चष्मे फार वाढले, तेव्हा २०१० पासून प्राथमिक शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायला लावायचा कार्यक्रम हाती घेतला. वर्षानुवर्षं चढत गेलेलं अधू नजरेचं प्रमाण त्यानंतर काही वर्षांत उतरू लागलं. उघड्यावरचा उजेड डोळ्यांना मानवतो, तो ट्यूबलाईटमध्ये नाही.

आणि हे काही परदेशातूनच शिकायचं असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ मुलं खेळत होती त्या अंगणात गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारी बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. गंमत बघा, ज्या जिल्ह्यानं देशाला अंगणवाडी दिली, तिथल्याच शहरांत आता अंगण शोधत हिंडावं लागतं.

अंगणं गेली कुठं?

गिरगाव-दादरच्या चाळीतली, दीड खोलीतली कुटुंबं पूर्वी डोंबिवली-ठाण्याला आली ती हवा आणि जागेसाठी. येताना चाळीचा शेजारही बरोबर घेऊन आली. तीन-चार मजली इमारत, पुढे थोडी माती, एखादं आंब्याचं नाहीतर पेरूचं झाड, गॅलरीत उभ्या बायका. या मातीत दिवाळीचे किल्ले झाले, मे महिन्यात डबा ऐसपैस रंगला. पुढे वस्ती वाढतच गेली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली १२ लाखांवर गेलेली होती.

आता त्या इमारती चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. नौपाड्यात, विष्णुनगरात, डोंबिवली पूर्वेला एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. गळक्या भिंतींतून सुटका होते, लिफ्ट येते, खोली वाढते. कोण नको म्हणेल? पण इथं एक नियम नीट समजून घ्या. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे जमीन ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठी असेल, तर सर्वसाधारणपणे तिच्यातली दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. आपल्या जुन्या इमारतींचे प्लॉट बहुधा याहून पुष्कळ लहान. म्हणजे मैदान सोडण्याची सक्ती नाही. जुन्या अंगणाच्या जागी पार्किंग येतं आणि कोणी काही चुकीचं केलं असंही म्हणता येत नाही. म्हणून नकाशावर सह्या होण्याआधीच ‘मुलांनी खेळायचं कुठं?’ हा प्रश्न सभेत विचारायला हवा. तोही आपणच. पुरुषमंडळी बहुतेक वेळा चौरस फुटांत गुंतलेली असतात.

कुठं घर घ्यावं?

सर्वगुणसंपन्न जागा शोधाल तर कधीच मिळणार नाही. तेव्हा काय मिळतं आणि काय सोडावं लागतं, याचा हिशेब करा.

जुन्या गावठाणाजवळची वस्ती घ्या. ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी. कल्याणात पारनाका, टिळक चौक. इथं वर्षानुवर्षं राहणारी माणसं आहेत, आजी-आजोबा आहेत, मूल कुणाचं हे दुकानदारालाही ठाऊक असतं. उणीव जागेची. मग जवळ काय आहे ते पाहा: पाचपाखाडीचा कचराळी तलाव, कल्याणचं सुभाष मैदान, काळा तलाव, डोंबिवलीत पूर्वेचं नेहरू मैदान, पश्चिमेचं भागशाळा मैदान.

घोडबंदर रस्त्यावरची किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या पलावासारखी मोठी संकुलं घ्या. आत गाड्या हळू, झोपाळे, घसरगुंड्या, मुलं भरपूर. पण फाटकाबाहेर अवजड ट्रकांचा रस्ता आणि ऑफिस लांब. मुलांची आई साडेसात-आठला घरी पोचणार असेल, तर बाग कितीही सुंदर असो, तिथं मुलाबरोबर कोण जाणार हे आधी ठरवा.

डोंबिवलीचा एमआयडीसी निवासी विभाग घ्या. रुंद रस्ते, झाडं, बैठी घरं. मुलांना सायकल शिकवायला याहून चांगली जागा क्वचित. पण शेजारी रासायनिक कारखाने आहेत. २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला तिथं मोठे स्फोट झाले, माणसं दगावली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. घर घेणारीनं कारखान्यांपासूनचं अंतर डोळ्यांनी पाहावं, नुसत्या बोलण्यावर जाऊ नये.

एक लक्षात ठेवा, मोठी बाग आणि रोजचं अंगण यांत फरक आहे. ठाण्यात कोलशेतला २०२४ साली मोठं सेंट्रल पार्क सुरू झालं. रविवारी जरूर जावं. पण जिथं रिक्षा करून जावं लागतं, ते सोमवारी अर्ध्या तासासाठी उपयोगी नाही. सहा वर्षांचं मूल रस्ता न ओलांडता एकटं जाऊन येईल, ते अंगण.

पारखावं कसं?

घर पाहायला एकदा सकाळी जाल तसं एकदा संध्याकाळी सहाला जा, आणि एकदा पावसात. मग हे पाहा:

१. खाली मुलं आहेत का? असल्यास निरनिराळ्या वयांची आहेत का? नुसती दहा-बारा वर्षांची क्रिकेट खेळणारी असतील, तर लहानांना जागा मिळणार नाही.

२. मोठी मुलं लहानांना खेळायला घेतात का? आपल्याकडे ‘कच्चं लिंबू’ ही केवढी शहाणपणाची रीत आहे! लहानगं खेळात असतं, पण आऊट होत नाही. जिथं कच्च्या लिंबाला घेतात, तिथली मुलं चांगल्या हाताखाली वाढली आहेत असं खुशाल समजा.

३. मुली किती खेळतात? सातच्या आत सगळ्या मुली वर आणि मुलगे खाली, असं असेल तर कारण विचारा. दिवे नसतील, कट्ट्यावर नको ती टोळकी बसत असतील.

४. नोटिसबोर्ड वाचा. ‘खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी असेल, तर ती कुणी आणि का लावली ते विचारा. कधी ती जुनी असते आणि कुणी पाळत नाही. कधी तिच्यामागे कोर्टकचेरी असते.

५. पाण्याच्या टाकीची झाकणं, विजेचे मीटर, गच्चीचं दार, लिफ्ट, गाड्या आत-बाहेर जाण्याची वाट. हे सगळं मुलाच्या उंचीवरून पाहा.

६. नवं संकुल असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा पाहून घ्या. चित्रातली हिरवळ नकाशात आहे की नाही ते तिथं कळतं.

आणि जमत असेल तर एकदम विकत घेऊ नका. आधी अकरा महिने त्याच वस्तीत भाड्यानं राहून पाहा. एवढ्या अवधीत पाऊस, गणपती, दिवाळी बहुधा सगळं होतं आणि शेजार कळतो.

नसेल तर करावं

आता तुम्ही म्हणाल, घर तर घेऊन झालं, खाली चिटपाखरू नाही. तर निराश होऊ नका. बऱ्याच ठिकाणी मुलं असतात. प्रत्येक घरात एकेक, दार लावून. प्रत्येकीला वाटतं, खाली कुणी नाही म्हणून आपलंही नको. ही कोंडी कुणीतरी एकीनं फोडावी लागते.

उपाय साधा आहे. दोघी-तिघींनी ठरवावं की रोज सहा ते सात आपण खाली असू. एक खुर्ची, भाजी निवडायला घ्या हवं तर. पाळी लावून घ्या: सोमवारी तू, मंगळवारी मी. नोकरी करणारीनं शनिवार-रविवार घ्यावा. आजींना सामील करून घ्या, त्यांच्याइतकी नजर कुणाची नाही. वेळ ठरलेली असली की मुलं आपोआप जमतात. खेळ शिकवायला लागलेच तर लगोरी, लंगडी, विषामृत, साखळी यांना ना खर्च ना मोठं मैदान. चेंडूनं गाडीची काच फुटते म्हणून तक्रार असेल, तर चेंडूला सुट्टी द्या आणि डबा ऐसपैस घ्या. दुपारी दोन ते पाच खाली आवाज करायचा नाही, हाही नियम मुलांकडूनच करून घ्या. मुलं स्वतः केलेला नियम पाळतात.

इंग्लंडात ब्रिस्टल गावी २००९ साली शेजारच्या दोन आयांनी हेच केलं. मुलांना खेळता यावं म्हणून शाळा सुटल्यावर काही तास आपला रस्ता वाहनांना बंद ठेवला. पुढे तिथल्या नगरपालिकेनं अशा रस्त्यांसाठी रीतसर नियम केला आणि इतर शहरांनीही तो उचलला. सुरुवात मात्र दोघींची.

सोसायटीत विरोध होईल. तेव्हा भांडण न करता वार्षिक सभेत विषय मांडा. ही सभा दर वर्षी सप्टेंबरअखेर व्हावी लागते. मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला पार्किंग म्हणून वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली स्पष्ट केलं आहे. ती जागा सगळ्या सभासदांची. तेव्हा संध्याकाळचा एक तास, एका कोपऱ्यात गाड्या न लावणं, एवढं तरी ठरावात मागता येतंच. आग विझवणाऱ्या गाडीची वाट मात्र कधी अडवू नका.

शेवटी एक नाजूक गोष्ट. वॉचमनची मुलगी, इस्त्रीवाल्याचा मुलगा, भाड्यानं आलेल्या परप्रांतीय कुटुंबाचं मूल ही खाली आली की काही बायका आपलं मूल वर बोलावतात. तसं करू नका. मुलांच्या खेळात भिडू लागतात, त्यांना आडनाव लागत नाही. ज्या अंगणात निवडून मुलं घेतली जातात, तिथं आज दुसऱ्याचं मूल बाहेर राहतं आणि उद्या कशावरून तरी आपलं.

तेव्हा पुढच्या शनिवारी घर पाहायला जाल, तर एजंटाला वर थांबू द्या आणि खाली खेळणाऱ्या मुलांनाच विचारा, ‘आम्ही इथं राहायला आलो तर आमच्या धाकट्याला घ्याल का रे खेळायला?’ ‘घेऊ की काकू, कच्चं लिंबू!’ असं उत्तर आलं, तर स्टेशन पाच मिनिटं लांब असलं तरी चालेल.