निगेटिव्ह रिपोर्टच्या पलीकडे

नाकात फिरवलेली काडी, रिपोर्ट येईपर्यंतची घालमेल आणि मोबाइलवर उमटणारा एका शब्दाचा निकाल. आरटीपीसीआर ही अक्षरं २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. ज्या विषाणूकुळासाठी एवढी धावपळ झाली, त्यातला माणसाला बाधणारा विषाणू सर्वात आधी डोळ्यांनी पाहणाऱ्या जून आल्मेडा मात्र त्या गदारोळातही बहुतेकांना अनोळखीच राहिल्या.

जून यांचा जन्म १९३० सालचा, ग्लासगोतला. वडील बसचालक. विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या ग्लासगो रॉयल इन्फर्मरीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागल्या. लग्नानंतर कॅनडाला गेल्यावर टोरंटोच्या कर्करोग संस्थेत त्यांच्या हाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि तिथेच त्यांचा हात बसला.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. विषाणू इतका विरळ असतो की इलेक्ट्रॉन त्याच्यातून जवळजवळ तसेच निघून जातात, म्हणजे दिसत काहीच नाही. म्हणून नमुन्याच्या थेंबात टंगस्टनसारख्या जड धातूचा क्षार मिसळतात. तो विषाणूच्या भोवती आणि पृष्ठभागावरच्या खाचाखोचांत बसतो आणि इलेक्ट्रॉन अडवतो. कागदावर पंजा ठेवून भोवती रंग शिंपडला की पंजाचा कोरा आकार उमटतो, तसा काळ्या पार्श्वभूमीवर विषाणू उजळ दिसतो. जून यांनी प्रतिपिंडांचाही फार कल्पक वापर केला. नमुन्यात योग्य प्रतिपिंडं घातली की सुटे कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि कचऱ्यातून नेमके ओळखू येतात.

१९६४ मध्ये त्या लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आल्या. तिकडे सॉल्सबरीजवळच्या सर्दी संशोधन केंद्रात डेव्हिड टायरेल एका कोड्यात अडकले होते. १९६० साली एका निवासी शाळेतल्या सर्दी झालेल्या मुलाकडून घेतलेला, ‘बी८१४’ क्रमांकाचा तो नमुना. स्वयंसेवकांच्या नाकात त्याचे थेंब टाकले की सर्दी व्हायची, पण त्यात जे काही होतं ते नेहमीच्या पेशीसंवर्धनात काही केल्या वाढायचं नाही. अखेर श्वासनलिकेच्या जिवंत ऊतीवर ते टिकलं. आत नेमकं काय आहे, ते कुणालाच दिसलेलं नव्हतं. टायरेलनी नमुना जून यांच्याकडे पाठवला, तोही फारशी आशा न ठेवता.

जून यांना कण दिसले, आणि ओळखीचेही वाटले. कोंबड्यांच्या ब्राँकायटिसमध्ये आणि उंदरांच्या यकृतदाहात असेच काटेरी कडं असलेले कण त्यांनी आधी पाहिले होते. त्यावरचा त्यांचा लेख मात्र परीक्षकांनी परत पाठवला होता. ही तर फ्लूच्या विषाणूची खराब छायाचित्रं आहेत, असा शेरा होता. त्या शेऱ्याने बाई आपल्या निरीक्षणापासून ढळल्या नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. १९६७ मध्ये छायाचित्रं प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी ‘कोरोना’ हे कुळाचं नाव ‘नेचर’मधून जाहीर झालं.

या पद्धतीची मर्यादाही मोठी. कण दिसायला मिलिलिटरमागे साधारण दहा लाख तरी लागतात, आणि प्रत्येक नमुन्यासमोर कसलेला माणूस बसवावा लागतो. साथीत हजारो स्वॅब तपासायचे तर ती कुचकामीच. ती गरज पीसीआरने भागवली. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या या तंत्रात हव्या त्या जनुकीय तुकड्यांची संख्या प्रत्येक फेरीत दुप्पट होते. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. २००३ मध्ये याच कोरोना कुळातल्या सार्स विषाणूच्या शोधात सहभागी असलेले ख्रिस्टियान ड्रॉस्टेन यांनी बर्लिनमध्ये जुन्या सार्सच्या कुळाची माहिती हाताशी धरून तयारी केली, आणि नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, १३ जानेवारी २०२० रोजी, त्यांची चाचणीपद्धत जागतिक आरोग्य संघटनेने जगापुढे ठेवली. ३० जानेवारीला केरळमध्ये या नव्या विषाणूचा भारतातला पहिला रुग्ण जाहीर झाला. त्याचं निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयव्हीत झालं. तिथेच थांबता आलं असतं. पण एनआयव्हीतल्या शास्त्रज्ञांनी त्या रुग्णाच्या घशाच्या स्वॅबचा थोडा भाग घेऊन त्यावर तोच जुना, जड धातूच्या क्षाराचा उलटा रंग चढवला आणि सुमारे ७५ नॅनोमीटरचा, पृष्ठभागावर काटे असलेला कण टिपला.

कारण पीसीआर फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. प्रायमर, म्हणजे शोधायच्या तुकड्याला जुळणारे छोटे जनुकीय धागे, ज्या विषाणूचे, त्याचाच शोध लागतो. बाकीचं सारं निगेटिव्ह. म्हणून माझं ठाम मत आहे की निगेटिव्ह आलेल्या गंभीर रुग्णांचे काही नमुने तरी जपून ठेवायला हवेत आणि कुठलाही अंदाज न बांधता ते तपासणारी यंत्रणा, मग ती सूक्ष्मदर्शकाची असो की जनुकीय क्रमवाचनाची, शांततेच्या काळातही चालू राहायला हवी. नेदरलँड्समध्ये हे घडलं. वीस वर्षांत श्वसनविकाराच्या लहान मुलांकडून जमा झालेल्या, कशातच न बसणाऱ्या २८ नमुन्यांत तिथल्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. २००१ मध्ये तो एचएमपीव्ही म्हणून जाहीर झाला. मग त्यांनी १९५८ सालचं साठवलेलं रक्तद्रव काढून तपासलं. या विषाणूची प्रतिपिंडं त्यातही होती.