सुंठ, लोणी आणि उदयपूरचे डॉक्टर

पनवेलला आयुर्वेदाचं कौतुक नवं नाही. १८७२ साली पुराणिक वैद्यांनी इथे सुरू केलेल्या ‘धूतपापेश्वर’ची औषधं महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आहेत. अशा गावात कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला पहिला सल्ला आल्याच्या रसाचा मिळावा, हे स्वाभाविकच. माझं कुतूहल मात्र एकाच प्रश्नाशी बरीच वर्षं अडून राहिलं आहे: आल्याने रक्तातली चरबी उतरते, हे माणसांवर कुणी तपासलं?

प्राण्यांवरचे निष्कर्ष आल्याच्या बाजूने बोलतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेला १९९१ साली आलं खाल्लेल्या उंदरांच्या यकृतात कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवणारं विकर अधिक सक्रिय दिसलं. सशांवरच्या प्रयोगांतही फायदा दिसला. पण उंदरा-सशांचा मेद-व्यवहार माणसाहून निराळा.

माणसांवर हा प्रश्न चिकाटीने धसाला लावला तो उदयपूरच्या रवींद्रनाथ टागोर मेडिकल कॉलेजातल्या डॉ. अरुण बोर्डिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बोर्डिया मूळचे लसणाचे अभ्यासक. त्यांचं त्यावरचं काम १९७३ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये आलं होतं. म्हणजे मसाल्याच्या डब्यावर त्यांचा राग नव्हता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना सात दिवस रोज १०० ग्रॅम लोणी खायला दिलं. त्याने रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना अधिक चिकटू लागल्या. ज्यांना सोबत पाच ग्रॅम सुंठ दिली, त्यांच्यात हा चिकटपणा लक्षणीय कमी झाला. रक्तातली चरबी मात्र दोन्ही गटांत जिथल्या तिथे राहिली.

त्यांचा १९९७ सालचा निबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो. हृदयविकाराच्या रुग्णांना तीन महिने रोज चार ग्रॅम सुंठ दिली. कोलेस्टेरॉल हललं नाही, साखर हलली नाही, बिंबिकाही बधल्या नाहीत. बिंबिकांवर परिणाम दिसला तो एकदम दहा ग्रॅम दिल्यावरच. त्याच निबंधात मधुमेह असलेल्या हृदयरुग्णांत मेथीने कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड उतरवली. सुंठीचा नकार आणि मेथीचा होकार त्यांनी शेजारी शेजारी छापला. या प्रामाणिकपणाबद्दल मला बोर्डियांविषयी मनापासून आदर आहे.

२००८ साली इराणमधल्या बाबोलच्या डॉक्टरांना वेगळं दिसलं. चरबी वाढलेल्या ४५ जणांना ४५ दिवस रोज तीन ग्रॅम सुंठ आणि ४० जणांना लॅक्टोजची कॅप्सूल दिली; सुंठ घेणाऱ्यांची चरबी अधिक उतरली. हा निष्कर्ष टाकाऊ नाही. पण गट लहान, मुदत दीड महिन्याची. शिवाय तीन ग्रॅम सुंठ म्हणजे ओलं आलं साधारण पंधरा ग्रॅम. चहात ठेचून गाळलेल्या तुकड्यातून तेवढं पोटात जात नाही.

आपले वैद्यही मेदावर नुसती सुंठ देऊन थांबत नाहीत. सुंठ, मिरं, पिंपळी यांचं त्रिकटू येतं, गुग्गुळ येतो, पथ्य आणि व्यायाम येतो. म्हणून ‘आल्याच्या रसाने नसा मोकळ्या होतात, गोळ्या सोडा’ हा सल्ला दोन्ही शास्त्रांचा अपमान आहे आणि कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन बंद करणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर सुंठीचं चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करूच नये. आलं रोजच्या जेवणात जरूर असावं. औषध म्हणून कुणी ते सुचवलं, तर त्याला एवढंच विचारावं: किती ग्रॅम, किती दिवस आणि कुणावर तपासलं?