घेवड्याचा दाणा, सांगलीची हळद आणि सूक्ष्मदर्शक

वर्ण, गंध, रस व स्पर्श यांवरून द्रव्यपरीक्षा करण्याचा आपला प्रघात जुना आहे, आणि तो सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु वस्त्रगाळ होऊन डबाबंद आलेल्या हरिद्राचूर्णात मक्याचे पीठ थोडे मिसळलेले असेल, तर जिव्हा व नासिका बहुधा मौन राहतात. अशा प्रसंगी पिष्टकणांची आकृती साक्ष देते.

अभ्यासाचा आरंभ आम्ही बीजापासून करावा असे सुचवू. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव परिसराचा वाघ्या घेवडा (यास 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) याकामी उत्तम. दाणा रात्रभर भिजवून साल काढावी, दल कापून छेद सुईने किंचित खरवडावा व तो अंश काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घ्यावा. 400 पट वर्धनाखाली अंडाकृती वा वृक्काकार कण दिसतात; बहुतेकांच्या मध्यभागी लांबट चीर व तिला फुटलेले तडे असतात. सौम्य आयोडीनने ते निळे-काळे होतात. काही पेशी अखंड सापडतात व त्यांत हे कण डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटलेले असतात. दाणा शिजला तरी पेशींची भित्तिका पुष्कळ अंशी टिकते आणि आतील पिष्टापर्यंत पाचक रस सावकाश पोहोचतात. शिंबीधान्यांच्या गुरुत्वाचा विचार करताना ही रचना ध्यानी ठेवण्याजोगी आहे. मात्र गुरुत्वाचा सारा अर्थ एवढ्यात सामावतो, असे आमचे म्हणणे नाही.

मक्याचे कण बहुकोनी, मध्यबिंदूपाशी तडकलेले. तांदळाचे फारच लहान व कोनयुक्त. गव्हाचे मोठे चकतीसारखे व अगदी बारीक, असे दोन प्रकारचे. एकदा घरच्या पिठांवर दृष्टी बसली की ही ओळख विसरत नाही.

सांगलीच्या हळदीची (मानांकन 2018) गोष्ट निराळी. काढणीनंतर हळकुंडे शिजवून वाळवतात. त्या उष्णतेने कण फुगून फुटतात व पेशीत पिवळा लगदा उरतो. ध्रुवित प्रकाशात अखंड पिष्टकणावर काळी फुली उमटते. या लगद्यावर ती उमटत नाही. म्हणून शिजवलेल्या हळदीच्या चूर्णात फुली मिरवणारे बहुकोनी कण दिसले, तर कच्च्या पिठाचा संशय सबळ होतो. न शिजवता काप करून वाळवलेल्या हळदीत मात्र तिचे स्वतःचे कण शाबूत राहतात. ते चपटे, लांबट व एका टोकाशी नाभी असलेले असतात. केवळ फुली पाहून पुरवठादारावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल, आकृती पाहावीच.

गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णास पीठमिश्रित चूर्ण जाणे ही किरकोळ बाब नव्हे. शिसेयुक्त रंगाची भेसळ मात्र या पद्धतीने सिद्ध होत नाही. त्यासाठी नमुना रासायनिक प्रयोगशाळेतच धाडावा, आणि धाडण्यापूर्वी त्याच डब्यातील थोडे चूर्ण मोहोरबंद करून स्वतःपाशी ठेवावे.