हिरव्या सणाचा खरा हिरवेपणा

प्रतिवर्षी १७ मार्च रोजी आयर्लंड देश आपल्या आश्रयदात्या संताचा, संत पॅट्रिक यांचा, सण पाळतो. १९०३ सालापासून तेथे हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आहे. पोटापाण्यासाठी आयरिश माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे त्याने हा सण बरोबर नेला. न्यूयॉर्क शहरातील मिरवणूक तर १७६२ सालापासून चालत आलेली आहे. पुण्याचे कॅथीड्रल संत पॅट्रिक यांच्या नावाने उभे आहे, तेही एकोणिसाव्या शतकात तेथील छावणीत असलेल्या आयरिश कॅथलिक शिपायांमुळेच. तेव्हा हा संत आमच्या वाचकांस सर्वस्वी परका नाही.

या सणाचा रंग हिरवा. त्या दिवशी टोप्या हिरव्या, पताका हिरव्या, फुगे हिरवे, गालांवरची चकाकीसुद्धा हिरवी. परंतु यातील बहुतेक सामान प्लास्टिकचे असते आणि संध्याकाळी मिरवणूक पांगली की ते रस्त्यावर नि गटारांत लोळू लागते. ज्या भूमीच्या हिरवाईवरून सणास हा रंग लाभला तिच्याच पदरात हा कचरा पडावा, यासारखी विसंगती कोणती? म्हणूनच हा सण धरतीस न दुखविता कसा साजरा करावा, याचा विचार अलीकडे आयर्लंडमध्ये होत आहे. तो विचार आमच्या कुटुंबांनीही जाणून घ्यावा असे आम्हास वाटते.

प्रथम मूळ संताकडे वळू. पाचव्या शतकातील हे साधुपुरुष जन्माने आयरिश नव्हते, ब्रिटनमधील होते. सोळा वर्षांचे असता दरोडेखोरांनी त्यांना पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केले व सहा वर्षे त्यांनी तेथे जनावरे राखली. ‘कन्फेस्सियो’ या आपल्या आत्मनिवेदनात ते सांगतात की, पहाट होण्यापूर्वी उठून, हिम असो, गारठा असो वा पाऊस असो, आपण रानात व डोंगरावर प्रार्थना करीत असू. म्हणजे या संताचे पहिले प्रार्थनामंदिर उघडे रानच होते! सुटका होऊन घरी गेल्यावर ते पुढे सुवार्ता घेऊन त्याच देशात परत आले.

‘शॅमरॉक’ नावाच्या त्रिदलाने त्यांनी लोकांस पवित्र त्रैक्य समजावून दिले, अशी कथा आहे. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात ती नाही. ती लेखी स्वरूपात प्रथम आढळते ती अठराव्या शतकात. कथा मागाहूनची असली तरी तिच्यातील साधेपणा मनोहर आहे. शॅमरॉक म्हणजे काही दुर्मीळ वनस्पती नव्हे. गुरांच्या चाऱ्यासाठी आपल्याकडे काही प्रांतांत जे बरसीम पेरतात त्याच्याच कुळातील ते एक लहानसे रानटी रोप. देवाचे गूढ सांगावयास पायाखालचे पान पुरले!

जुने आयरिश लोक सण पाळीत तोही अशाच वस्तूंनी. थॉमस डिनली या इंग्रज प्रवाशाने १६८१ साली नोंदविले आहे की, या दिवशी लोक क्रूस लावून हिंडतात व सामान्य जन शॅमरॉक खोचतात. पुढे कित्येक पिढ्या खेड्यांतील मुले कागदाचे क्रूस घरीच करीत. त्यांना रंग कोठून आणावयाचा? पिवळा अंड्याच्या बलकाचा, हिरवा गवतपाल्याच्या रसाचा, निळा कपड्यांच्या निळीचा. दुसऱ्या दिवशी पान मातीत जाई, कागद चुलीत जाई. मागे काही उरत नसे; उरे ती केवळ सणाची आठवण. आज ज्या आयरिश घरांत मुलांना कागद, लोकर व जुन्या कापडाच्या चिंध्या देऊन सणाची पदके करावयास बसवितात ती घरे काही नवे करीत नाहीत. आजीची रीतच पुन्हा हाती घेतात.

याउलट अमेरिकेतील शिकागो शहराची गोष्ट पाहा. तेथे या सणानिमित्त नदीच हिरवी रंगवितात. ही प्रथा १९६२ साली नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेने सुरू केली. त्यांच्याजवळ तो रंग होता याचे कारण मोठे बोलके आहे: घाण पाणी नदीत चोरून कोठून सोडले जाते, हे हुडकून काढण्यासाठी ते तो रंग वापरीत. पहिल्या वर्षी सुमारे ४५ किलो रंग ओतला, तेव्हा नदी आठवडाभर हिरवी राहिली. तो रंग जलचरांस बाधेल अशी तक्रार झाली, म्हणून पुढे वनस्पतिजन्य रंग आला व त्याचे प्रमाणही कमी झाले. तरीही आमच्या मनात येते, की जो रंग नदीचा रोग शोधावयास जन्मला तो तिचा शृंगार होऊन बसला. रंगविलेली नदी पाहावयास लोक लोटतात. स्वच्छ नदी पाहावयास किती येतील?

आयर्लंडने मात्र काही बाबतींत अनुकरणीय पाऊल टाकले आहे. ४ मार्च २००२ पासून तेथे दुकानातील प्लास्टिकच्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसला. पूर्वी माणशी वर्षास सुमारे ३२८ पिशव्या लागत, त्या २१ वर आल्या. कर मोठा नव्हता. परंतु हात खिशाकडे जाताना मन क्षणभर थांबले आणि घरातील कापडी पिशवी आठवली. १ फेब्रुवारी २०२४ पासून पेयांच्या डब्यांवर व प्लास्टिकच्या बाटल्यांवर अनामत रक्कम घेतात, लहानांस १५ सेंट व मोठ्यांस २५ सेंट. रिकामी बाटली परत केली की पैसे परत. तेव्हा सणाच्या गर्दीतील बाटली आता कचरा नसून दामाची वस्तू झाली आहे. शिवाय आयर्लंड ज्या युरोपीय संघात आहे त्या संघाने एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे व नळ्या जुलै २०२१ पासून, आणि प्लास्टिकची सुटी चकाकी ऑक्टोबर २०२३ पासून बाजारात आणण्यास बंदी केली. ही चकाकी धुतली की गटारातून समुद्रात जाते व तिचे कण जलचरांच्या पोटात शिरतात.

तथापि सगळे आलबेल आहे असे नव्हे. दुरून हिरव्यागार दिसणाऱ्या त्या बेटावर झाडे फार थोडी. विसाव्या शतकाच्या आरंभी देशाच्या अवघ्या एक टक्का भूमीवर वन उरले होते. आज ते सुमारे ११ टक्के आहे, आणि त्यातही पुष्कळशी लागवड परदेशी सूचिपर्णी वृक्षांची. तेथील नद्या, सरोवरे व खाड्या यांपैकी जेमतेम निम्म्याच चांगल्या स्थितीत आहेत. शेतांतून वाहून येणारी खते व गावांचे सांडपाणी ही त्याची मोठी कारणे होत. म्हणून मार्चमध्येच तेथे राष्ट्रीय वृक्षसप्ताह पाळतात. ओक, भूर्ज असे देशी वृक्ष त्या सुमारास लावता येतात, कारण जमीन ओली असते व रोपांस पाणी घालावे लागत नाही. एखाद्या कुटुंबाने टोपी विकत घेण्याऐवजी एक ओक लावला, तर तो त्यांच्या नातवंडांच्या सणासही हिरवा राहील.

सणाच्या पानाचाही विचार करू. आयरिश घरचे जुने जेवण म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, कोबी व बटाटे, आणि सोबत सोड्याचा पाव. हा पाव यीस्टने फुगवीत नाहीत. लोणी काढल्यावर उरलेले ताक, कणीक, मीठ व खाण्याचा सोडा एवढ्यावर तो होतो. ताक वाया जाऊ न देणारी ती गृहिणी आमच्या भगिनींस आपलीच वाटेल. गावच्या शेतातील भाजी, घरचे ताक व लागेल तेवढेच रांधणे, यापेक्षा धरतीस अधिक मानवणारी मेजवानी दुसरी कोणती?

आणखी एक गोष्ट ख्रिस्ती माणसाने विसरू नये. १७ मार्च हा दिवस कोणत्याही वर्षी उपवासकाळातच येतो. २००८ साली तर तो पवित्र सप्ताहात आला, म्हणून आयर्लंडमध्ये धर्मसभेने सणाची उपासना १५ मार्च रोजी केली. प्रायश्चित्ताच्या काळात येणारा हा सण जणू सांगतो, आनंद करा, परंतु उधळपट्टी करू नका. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीस आपले सामाईक घर म्हटले आहे. सणाच्या दिवशी घर सारवतात, झाडतात. घरात घाण करून कोणी सण पाळीत नाही.

म्हणून वाचकहो, हिरवा रंग लावणे सोपे आहे, हिरवे राखणे कठीण आहे. संत पॅट्रिक यांनी रानात गुडघे टेकले, त्या रानाला त्यांनी रंग दिला नव्हता. तो देवानेच दिला होता. तो १८ मार्च रोजीही तसाच राहील एवढी काळजी ज्या घरी घेतली गेली, त्या घरी या संताचा सण खऱ्या अर्थाने साजरा झाला असे आम्ही म्हणू.