‘माका’ आणि ‘मला’ची अक्षरं सेमच!

एक छोटी टेस्ट घ्या. समोरच्या दुकानाची पाटी बघा, पण ती वाचायची नाही असं ठरवा. जमतंय? नाहीच जमणार. अक्षरं डोळ्यांसमोर आली की आपण वाचून मोकळे होतो. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र तीच पाटी म्हणजे नुसत्या रेघा आणि गोल. बोलणं घरात ऐकून ऐकून येतं. वाचणं तसं येत नाही, ते कुणीतरी शिकवावं लागतं. आणि ते कसं शिकवतात, यावर त्या पोराची पुढची सगळी शाळा ठरते.

आता चला खारेपाटणला. मुंबई-गोवा हायवेनं सिंधुदुर्गात शिरलात की कणकवली तालुक्यातलं हे गाव लागतं. इथं शिलाहार राजा रट्टराजाचा शके 930 चा, म्हणजे इ.स. 1008 चा ताम्रपट सापडला. तो अभ्यासून छापणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. ‘दर्पण’वाले, आम्हा जर्नालिझमच्या पोरांचे मूळ पुरुष, आणि शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या ताम्रपटाची भाषा संस्कृत आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही इथं लिहायची भाषा वेगळी आणि चुलीजवळची वेगळी होती.

हे अंतर आजही पहिलीच्या वर्गात भेटतं. घरी पोर म्हणतं, ‘माका भूक लागली.’ पुस्तक म्हणतं, ‘मला भूक लागली.’ घरात आवस, बापूस, झील, चेडू. पुस्तकात आई, बाबा, मुलगा, मुलगी. एकाच वेळी अक्षरं ओळखायची आणि नवी बोलीही शिकायची, असं डबल काम त्या मुलाच्या वाट्याला येतं. वर कुणी ‘नीट बोल’ म्हणून दटावलं की ते गप्पच बसतं. जे मूल वर्गात बोलत नाही, ते वहीत लिहिणार तरी काय? ‘वस्त्रहरण’मधल्या मालवणीला आपण शिट्ट्या मारतो आणि वर्गात त्याच मालवणीवर लाल पेन चालवतो!

बाराखडीचा डोंगर

दुसरी अडचण क्रमाची. आपल्याकडे आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द असं शिकवायची जुनी सवय आहे. हिशोब करा. 34 व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची 12 रूपं घेतली, तर 408 होतात. एवढं पाठ होईपर्यंत मुलाच्या हाती अर्थ असलेलं एकही वाक्य पडत नाही. मग पोरं घडाघडा बाराखडी म्हणतात आणि साधा शब्द आला की अडतात.

यावर उपाय आहे आणि तो महाराष्ट्रात वापरून झालेला आहे. थोडी अक्षरं घ्यायची, त्यासोबत एखादी मात्रा घ्यायची आणि लगेच शब्द करायचे. पालघरच्या वाडा तालुक्यातली ‘क्वेस्ट’ संस्था अशाच अक्षरगटांनी काम करते. आपण करून बघू. फक्त क, म, ल आणि काना. काका, मामा, काम, काल, लाल, माल, मका, कमाल. आणि बघा, याच तीन अक्षरांत ‘मला’ आहे आणि ‘माका’ही आहे! दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पोराला पहिल्याच आठवड्यात कळेल की आपण घरी बोलतो तेसुद्धा लिहिता येतं, आणि पुस्तकात त्याला काय म्हणतात तेही. पुढच्या गटात त आणि उकार आला की ‘तुका’ आणि ‘तुला’ तयार.

मूल सांगेल, आपण लिहू

लिहिण्याचंही तसंच. फळ्यावरचं उतरवून काढणं म्हणजे लिहिणं नव्हे. मुलाला चित्र काढू द्या. त्याबद्दल ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. स्वतःचंच वाक्य असल्यानं ते वाचायला त्याला जड जात नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द कार्डावर लिहून दिला होता. त्यांचं 1963 चं ‘टीचर’ हे पुस्तक अरुण ठाकूर यांनी मराठीत आणलंय. आपल्याकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनीही हेच काम केलं. फलटणच्या लोकांच्या बोलण्यात कसा फरक पडतो, यावर त्यांनी 1973 मध्ये पीएचडी केली आणि नंतर तिथंच शाळा उभी केली.

मग प्रमाण मराठी कधी येणार, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पुढच्या परीक्षा, अर्ज, नोकऱ्या त्याच भाषेत आहेत. ती यायलाच हवी. पण ‘माका’ खोडून ‘मला’ पक्कं होत नाही. रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवली की पुस्तकी भाषा कानावर पडते आणि हळूहळू तोंडात बसते. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात तिथं मोठी मुलं धाकट्यांना वाचून दाखवू शकतात. दोघांचाही सराव होतो.

तुम्ही काय कराल?

तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, त्यानंतर वाचून शिकतं. परिसर अभ्यास असो की गणितातलं शाब्दिक उदाहरण, वाचता आलं नाही की सगळीच दारं बंद. म्हणून तर 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’नं तिसरीपर्यंत वाचन पक्कं करण्यासाठी 2026-27 ची मुदत ठेवली.

गणपतीला गावी जाल तेव्हा घरातल्या एखाद्या छोट्याला जवळ घ्या. आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळी, मग छोटी गोष्ट वाचायला द्या. ‘प्रथम’ची ‘असर’ पाहणी 2005 पासून याच पायऱ्यांनी मुलांचं वाचन तपासते. पोर जिथं अडेल तिथून सुरुवात करा. ओरडू नका, इतरांसमोर तर नाहीच. तीन अक्षरं, एक काना, एक कागद. मग त्यालाच विचारा, ‘तुका काय लिवचा हा?’ आणि ते सांगेल ते लिहा.