कुशीतली टोपली

1980 च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडमध्ये दर हजार जन्मांमागे चारांहून जास्त तान्ही बाळं झोपेत दगावत होती. रात्री दूध पिऊन झोपलेलं ठणठणीत बाळ सकाळी उठायचंच नाही, आणि शवविच्छेदनातही हाती काही लागायचं नाही. 'कॉट डेथ' म्हणत तिथं याला. श्रीमंत देशांत इतका वाईट दर क्वचितच कुठे होता.

1987 ते 1990 या तीन वर्षांत एड मिचेल, शर्ली टोंकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 485 मृत्यू तपासले आणि तुलनेसाठी 1800 जिवंत बाळांच्या घरची माहिती घेतली. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: बाळाला पालथं झोपवणं, आईचं धूम्रपान आणि बाळाला अंगावर न पाजणं. गंमत अशी, की बाळाला पालथं झोपवायला आयांना शिकवलं होतं ते डॉक्टर-नर्सांनीच. उताणं बाळ दूध ओकलं तर गुदमरेल, ही त्यांची भीती.

1991 मध्ये 'बाळाला पालथं झोपवू नका' अशी देशभर मोहीम निघाली आणि काही वर्षांतच मृत्यू निम्म्याच्याही खाली आले. या सल्ल्याला पैसा लागत नव्हता, वेगळी खोली लागत नव्हती, म्हणून तो झोपडीपासून बंगल्यापर्यंत सारखाच पोचला, असं वाटणं साहजिक होतं. पण सरासरीच्या आड एक आकडा दडला होता. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, बाळांचा दर त्या मानाने फारच कमी उतरला.

माओरी घरांत बाळ आईजवळच झोपतं. आपल्याकडेही तसंच, त्यामुळे यात धोका तो काय, असं मराठी वाचकाला वाटेल. धोका जागा अपुरी, घर दमट आणि आई गरोदरपणात सिगारेट ओढणारी असली की वाढतो. पोटात असताना धूर सोसलेल्या बाळाला श्वास कोंडला तरी चटकन जाग येत नाही. थंडीत एकाच गरम खोलीत, एकाच गादीवर सगळं घर दाटीवाटीने झोपलेलं असेल, तर दुलईचं टोक किंवा कुणाचा दंड तोंडावर यायला वेळ लागत नाही. यावर आरोग्यखात्याचा तोडगा एकच: बाळाला शेजारी घेऊ नका, पाळण्यात ठेवा. ज्या घरात पाळणा मावत नाही तिथं हा सल्ला म्हणजे ठपकाच होता. बाळ गेलं की चौकशीला पोलीस दारात उभे राहत ते वेगळंच.

डेव्हिड टिपेने-लीच या माओरी डॉक्टरने 1990 च्या दशकापासून हे सगळं जवळून पाहिलं होतं. 2006 च्या सुमारास त्याने आणि जेनी फर्मिन या विणकर बाईने मिळून 'वाहाकुरा' आणला. हराकेके या लांब पात्यांच्या झुडपाची पाती चिरून विणलेली ही टोपली, तळाशी पातळ गादी. ती आईच्याच अंथरुणात, तिच्या कुशीला ठेवायची. काठ एवढेच उंच, की आईचा हात सहज आत जावा, पण तिचं अंग किंवा पांघरूण बाळावर येऊ नये. गरोदर बाया एकत्र बसून ती विणायला शिकत, आणि पाती विणता विणता सिगारेटचा विषय निघे, अंगावर पाजण्याचा निघे. पत्रकं वाटून हे साधलं नसतं.

विणायला मात्र वेळ लागतो आणि विणणारे हात मोजके. तेव्हा स्टेफनी कोवान यांनी प्लास्टिकच्या साठवणीच्या डब्यातून 'पेपी-पॉड' बेतला. 2011 च्या ख्राइस्टचर्च भूकंपानंतर घरं मोडलेल्या कुटुंबांना तो वाटला गेला, मग इतर भागांतही गेला. दिसायला टोपलीची सर नाही, पण काम तेच.

शंकेखोरांचं म्हणणं होतं, की टोपलीच्या नावाखाली तुम्ही शेजारी झोपवण्यालाच परवानगी देताय. म्हणून हॉक्स बे भागात, बहुतांश गरीब वस्त्यांतल्या 200 आयांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून काहींना वाहाकुरा आणि काहींना साधा पाळणा दिला. रात्रभर अंधारात चित्रण करणारे कॅमेरे लावले. टोपलीतली बाळं पाळण्यातल्यांपेक्षा जास्त धोक्यात नव्हती, आणि सहा महिन्यांनी निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचं प्रमाण टोपलीवाल्या गटात दुपटीहून जास्त निघालं. 2017 मध्ये हे छापून आलं.

त्याआधीच 2009 ते 2015 या काळात पहिला आठवडा ओलांडलेल्या बाळांचे मृत्यू 29 टक्क्यांनी घटले होते, आणि सर्वांत मोठी घट माओरींमध्ये होती. श्रेय एकट्या टोपलीचं म्हणता येणार नाही; पण जिथं ती जास्त वाटली गेली तिथं घटही जास्त, हे दुर्लक्षिता येत नाही.

2017 मध्ये सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम आखला. झोपेत होणारे मृत्यू 2025 पर्यंत 86 टक्क्यांनी कमी करायचे, असं ध्येय होतं. ते गाठलं गेलं नाही, आणि माओरी व इतर बाळांमधली दरीही बुजली नाही. टोपल्या सरकारी खर्चाने मिळत राहिल्या. कोरडं, ऊबदार आणि परवडणाऱ्या भाड्याचं घर मात्र त्या कार्यक्रमाच्या हातात नव्हतं.